आइसलँडमध्ये कच्चे डोंगरी रस्ते कसे शोधायचे?

प्रश्न: जुलैमध्ये आइसलँडला जातोय, फोर बाय फोर भाड्याने घेतली आहे. ऑफ-रोडिंगचे ट्रेल कुठे सापडतील?

उत्तर १: रस्ता सोडून गाडी घालणं तिथे बेकायदा आहे हो! शेवाळावर उमटलेले चाकांचे चर वर्षानुवर्षं बुजत नाहीत. नकाशात ‘एफ’ने सुरू होणारे रस्ते, म्हणजे कच्चे डोंगरी रस्ते, बघा. एफ२६ स्प्रेंगिसांदूर हे मधल्या डोंगराळ भागातलं ओसाड पठार ओलांडतो. माझा जीव मात्र लांडमान्नालाउगरच्या, म्हणजे रंगीत डोंगर नि गरम झऱ्यांच्या भागातल्या, एफ२०८वर. दक्षिणेकडून गेलात तर वाटेत नद्या पुलाविना पार कराव्या लागतात.

उत्तर २: त्या नद्या सकाळीच पार करा, दुपारी हिमनद्या वितळून पाणी चढतं. पाण्याने झालेलं नुकसान विम्यात बहुधा नसतं, करार नीट वाचा.

उत्तर ३: बर्फ हटेपर्यंत हे रस्ते बंदच असतात. निघायच्या दिवशी रस्ते प्रशासनाचा ऑनलाइन नकाशा बघा.