मदत हवी आहे: ग्लायडिंगसाठी गॉगल कोणता घेऊ?

हडपसरला ग्लायडिंग (बिनइंजिनाचं विमान उडवणं) शिकतोय, अजून मागच्या सीटवर सर असतातच. परवा माझा जुना पोलराइज्ड (चकाकी कापणारा) गॉगल घालून बसलो तर कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, सगळे इंद्रधनुष्यासारखे पट्टे, आणि मान जरा तिरकी केली की मोबाईलची स्क्रीन काळीठिक्कर, शिवाय लांबचा ग्लायडर ज्यावरून दिसतो ती पंखावरची चमकही त्यात मरू शकते म्हणजे तो बादच. यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवणारी), पोलराइज्ड नसलेली साधी लेन्स घ्यायची हे ठरलंय, पण रंग? ब्राऊनमध्ये ढगांच्या कडा उठून दिसतात म्हणे, ग्रेमध्ये रंग खरे दिसतात. दोन्ही वापरलेत का कोणी? काड्या बारीकच हव्यात, जाड काडीने बाजूचं दिसत नाही. नंबर -२.५ आहे, बजेट ४ हजार, त्यात बसेल का?