मांजराच्या विष्ठेतला परजीवी समुद्रात विरून का जात नाही?

प्रश्न: सीनाकाठ (सोलापूर)
मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. टॉक्सोप्लाझ्माचे जीवनचक्र शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले की, मांजराच्या पोटातला हा परजीवी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील समुद्री पाणमांजरांचा जीव घेतो म्हणतात, पण एवढ्या अथांग पाण्यात तो विरून कसा जात नाही? पावसाने वाहून जातो, एवढेच उत्तर मला अपुरे वाटते.

उत्तर: पशुवैद्य, सात रस्ता
मॅडम, विद्यार्थिनीची शंका रास्त आहे. प्रथमच संसर्ग झालेले मांजर आठ-पंधरा दिवसांत विष्ठेतून कोट्यवधी अंडपुटी (या परजीवीची कठीण कवचाची सूक्ष्म, अंड्यासारखी अवस्था) टाकते. आपल्याकडे बांधकामाच्या वाळूच्या ढिगात मांजरे उकरून विष्ठा पुरतात, ती जागा डोळ्यांसमोर आणा. कडक उन्हात अंडपुटी फार टिकत नाहीत. मात्र ओलसर सावलीत वर्षाहून अधिक काळ तग धरतात आणि पहिल्या मोठ्या पावसात नाल्याला लागतात. खाऱ्या पाण्यातही त्या महिनोन्महिने जिवंत राहतात.

उत्तर: मूळचा सोलापूरकर
विरण्याविषयी लिहितो. समुद्रात अंडपुटी विखुरतात खऱ्या, पण केल्प या समुद्रशैवालावरील चिकट थरात त्या अडकतात, तो थर खरवडून खाणाऱ्या गोगलगायींच्या पोटात साठतात, आणि पाणी गाळून जगणारे शिंपलेही त्या गोळा करतात. अंगावर चरबीचा थर नसल्यामुळे ऊब टिकवण्यासाठी पाणमांजराला रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा खावे लागते; त्यामुळे विखुरलेल्या अंडपुटी पुन्हा एका तोंडात एकवटतात. परजीवी मेंदूपर्यंत पोहोचला की दाह होऊन प्राणी दगावू शकतो. कॅलिफोर्नियातील 2002 च्या अभ्यासात, जमिनीवरचे गोडे पाणी जास्त वाहून येते त्या किनाऱ्यालगतच्या पाणमांजरांत संसर्गाचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. हवाई बेटांवरील मंक सील हे समुद्री सस्तन प्राणीही याच रोगाने मरतात, आणि त्या बेटांवर मांजर मुळात नव्हतेच; ते माणसाने नेले.

उत्तर: पशुवैद्य, सात रस्ता
एक पुरवणी जोडतो. 2004 मध्ये कॅलिफोर्नियातील मोरो बे परिसरात पाणमांजरे मोठ्या संख्येने मेली, त्यामागे मात्र सार्कोसिस्टिस न्यूरोना हा ऑपॉसम या प्राण्याच्या विष्ठेतून येणारा दुसरा परजीवी होता. तेव्हा सगळे खापर मांजरावर फोडणेही न्याय्य नाही.

सीनाकाठ
दोघांचेही आभार. सांडपाण्यात क्लोरीन टाकून हे थांबवता येईल का?

उत्तर: पशुवैद्य, सात रस्ता
नाही. कठीण कवचामुळे क्लोरीनचा अंडपुटींवर परिणाम होत नाही. म्हणून पाळीव मांजराची विष्ठा संडासात न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी, असे तिकडे सांगतात. पावसाचे पाणी तर बहुधा प्रक्रियेविनाच समुद्राला मिळते, तेव्हा भटक्या मांजरांची संख्या आटोक्यात ठेवणे आणि नाल्यांच्या मुखाशी दलदल व गवताळ पट्टे राखणे, हेच उपाय उरतात. असे पट्टे पुष्कळ अंडपुटी वाटेतच अडवतात.