चिकणमाती उपसून फेकायची, की वीजकेंद्रातली कोळशाची राख आणि भट्टीतली स्लॅग (धातूची मळी) मिसळून तीच वापरायची?

ओली_माती:
रस्त्याखाली चिकणमाती लागली की ती उपसायची आणि बाहेरून मुरूम आणून भरायचा, या सवयीला माझा विरोध आहे. चार दिवस भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर (भार पेलण्याची क्षमता, टक्क्यांत) २-३ आला म्हणून माती लगेच टाकाऊ होत नाही. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते, हे खरं. पण चुना पडला की कणांवरच्या सोडियमच्या जागी कॅल्शियम बसतं आणि बुटाला लगदा होऊन चिकटणारी तीच माती रवाळ होते. चिमटीत चोळली तरी फरक कळतो. पुढची ताकद राखेतल्या सिलिका-अल्युमिनाची, ती महिनोन्महिने वाढत राहते. एकीकडे राखेचे ढीग साचवायचे आणि दुसरीकडे टेकड्या पोखरायच्या, कशासाठी?

रोलरच्या_मागे:
प्रयोगशाळेत माती वाळवून, कुटून, चाळून घेतात हो! साइटवर मुठीएवढी ढेकळं असतात. एक फोडा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन (चुना असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) शिंपडा. कडेला गुलाबी, मधोमध मातीचाच रंग. म्हणजे चुना आत पोचलाच नाही, आणि पावसाळ्यात तेच ढेकूळ फुगणार. शिवाय राख म्हणजे नेमकी कुठली? जास्त चुन्याची (क्लास सी) पाणी लागताच घट्ट होऊ लागते, दोन तासांत रोलर फिरला नाही तर मेहनत वाया. कमी चुन्याची (क्लास एफ) एकटी टाकली तर नुसती भर.

ओली_माती:
ढेकळांचा दोष मिसळणाऱ्याचा, राखेवर कशाला ढकलता? आधी चुना घालून माती एक-दोन दिवस मुरू द्या, मग राख टाकून पुन्हा मिसळा.

आधी_सल्फेट_तपासा:
भांडताय छान, पण मातीत सल्फेट किती ते दोघांनीही विचारलं नाही. चुना, सल्फेट, अल्युमिना आणि पाणी एकत्र आले की एट्रिंगाइट नावाचं फुगणारं खनिज तयार होतं आणि रस्ता उचलला जातो. लास व्हेगासच्या स्ट्युअर्ट अव्हेन्यूवर १९७० च्या दशकात हेच झालं. चुन्याने सुधारलेली मातीच फुगली. अशा ठिकाणी चुना बराच कमी करून लोखंडाच्या झोतभट्टीची दळलेली स्लॅग (जीजीबीएस) घातली तर फुगणं आटोक्यात येतं. म्हणजे इथे औद्योगिक उप-उत्पादन चुन्यापेक्षा सरस. मात्र भूजल वर असेल तर राखेतून आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन किती झिरपतं ते आधी तपासा. त्यावर माझी तडजोड नाही.

रोलरच्या_मागे:
जीजीबीएसचं पटलं. पण पोलादाच्या भट्टीची स्लॅगही 'स्लॅग'च. तिच्यात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया असतो. महिनोन्महिने उघड्यावर भिजवून मुरवली नाही तर रस्त्याखाली तीच फुगते. ऑर्डरवर नुसतं 'स्लॅग' लिहिलेलं मी पाहिलंय. ट्रकमधून जे उतरलं तेच पसरलं गेलं.

ओली_माती:
मग ऑर्डर नीट लिहा ना! मुरूमसुद्धा कुठे दरवेळी सारखा येतो?