पाटी नाही, पट्टा नाही, सिग्नल नाही : आधी कोणी जायचे?

गेल्या आठवड्यात गाडी शिकत असलेली माझी मुलगी दोन अरुंद रस्ते एकमेकांना छेदतात अशा एका कोपऱ्यावर थांबली आणि तिने विचारले, "आई, इथे काहीच लिहिलेले नाही. आधी कोणी जायचे?" उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, असे मी तिला सांगितले खरे, पण सांगताना माझा आवाज कापला. एकवीस वर्षांपूर्वी अशाच एका चौकात मी स्कूटरवरून पडले होते, आणि हे उत्तर मला तेव्हाही तोंडपाठ होते.

त्या वेळी लागू असलेल्या १९८९ च्या नियमांत स्पष्ट म्हटले होते की, ज्या रस्त्यावर शिरायचे तो मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला असेल तर त्यावरच्या वाहनांना वाट द्यावी आणि एरवी आपल्या उजव्या हाताने येणाऱ्या सर्वांना वाट द्यावी. माझ्या डावीकडून एक मोटार येत होती, म्हणजे मी तिच्या उजवीकडे होते आणि थांबायचे तिने होते. मोटार मला दिसली, चालकाने मला पाहिले असे मी गृहीत धरले आणि ब्रेकला हातही लावला नाही. चौक जवळजवळ पार झाला असतानाच धडक बसली. रस्त्यावर पडले तेव्हा स्कूटरचा तुटलेला आरसा माझ्या तोंडासमोर होता आणि त्यात आकाशाचा एक तुकडा व विजेची तार दिसत होती, एवढे मला अजून आठवते. मोटारीतून एक वयस्कर गृहस्थ धावत आले आणि आम्ही दोघे एकाच क्षणी एकच वाक्य बोललो : "तुम्ही थांबायला हवे होते." त्यांचा रस्ता माझ्या रस्त्यापेक्षा रुंद होता आणि रुंद रस्ता तोच मुख्य, असे ते मनापासून मानत होते. माझा घोटा सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. आपल्यापैकी कोणाला असा अनुभव आला असेल तर कृपया लिहावा, मुलीला वाचून दाखवायचा आहे.

*

ताई, वाचून वाईट वाटले. घोट्याचा त्रास आता होतो का? माझा अनुभव छोटा आहे. परवान्याच्या परीक्षेत हा प्रश्न मी बरोबर सोडवला होता, पण उजवीकडूनच का आणि डावीकडून का नाही, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्यामुळे प्रत्यक्ष चौकात हा नियम मला कधी आठवतच नाही.

*

मी तीस वर्षे वाहन चालवायला शिकवले, आता निवृत्त आहे. वरच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर दोन रेघा काढल्या की कळते. आपण डाव्या बाजूने चालतो. उजवीकडून येणारे वाहनही त्याच्या डाव्या बाजूने चालत असते, म्हणजे आडव्या रस्त्याच्या आपल्याला जवळ असलेल्या अर्ध्या भागातून ते जाते. चौकात पाऊल टाकताच सर्वांत आधी आपली गाठ त्याच्याशी पडते. डावीकडून येणारे वाहन पलीकडच्या अर्ध्या भागात असते, त्याच्यापर्यंत पोहोचायला आपल्याला थोडा अधिक वेळ मिळतो. वर्तुळाकार बेटाभोवतीसुद्धा आपल्याकडे वाहने उजवीकडूनच येतात, त्यामुळे आत असलेल्याला आधी बाहेर पडू देण्याची पद्धत याच नियमाशी जुळते आणि बेट तुंबत नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत असे. चारही रस्त्यांवरून एकाच वेळी चार वाहने आली तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणी ना कोणी असतेच, आणि नियम अक्षरशः पाळला तर चौघेही उभेच राहतील. तिथे कोणातरी एकाने आपला हक्क सोडून दुसऱ्याला हाताने पुढे बोलवावे लागते. ताई, आपल्या अपघातात नियम आपल्या बाजूने होता यात शंका नाही. परंतु नियम थांबायचे कोणी हे सांगतो, समोरचा थांबेलच अशी हमी तो देत नाही, आणि त्या दोन गोष्टींमधले अंतर ब्रेकवर हात ठेवूनच भरून काढावे लागते.

*

काकांच्या चार वाहनांच्या उदाहरणावरून लिहीत आहे. मी जर्मनीत नऊ वर्षे होतो. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि तरीही खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यालाच अग्रक्रम असतो. ताशी ३० किलोमीटर मर्यादेच्या वस्त्यांमध्ये हा नियम जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावर लागू असतो. पहिल्या महिन्यात मी एका सरळ, रुंद रस्त्याने जात होतो आणि उजवीकडच्या बोळातून शाळेची एक मुलगी सायकलवर आली. तिने वेग कमी केला नाही, कारण तसे करण्याचे तिला काहीच कारण नव्हते. मी इतक्या जोरात ब्रेक दाबला की शेजारच्या आसनावरची पिशवी खाली पडली. ती मात्र माझ्याकडे न पाहता, एका हाताने दप्तराचा पट्टा सावरत निघून गेली. त्या वयाच्या मुलीला रस्त्यावर इतका विश्वास वाटू शकतो, हे मी प्रथमच पाहिले.

तिथल्या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. परिस्थितीची गरज असेल तर ज्याचा अग्रक्रम आहे त्यानेही तो सोडला पाहिजे, आणि समोरच्याने तो सोडला आहे असे मानण्यापूर्वी दोघांमध्ये तसा स्पष्ट संकेत झालेला असला पाहिजे, असे तिथे लिहिलेले आहे. काका हाताने बोलवण्याविषयी जे म्हणतात ते तिथे कायद्यातच आहे.

*

शेजारच्या नेदरलँड्समध्ये सायकलला हा मान उशिरा मिळाला. १ मे २००१ पर्यंत अशा चौकात उजवीकडून आलेल्या सायकलस्वारालाही मोटारीला वाट द्यावी लागत असे.

*

मी ब्रिटनमध्ये गाडी शिकले आणि तिथले उत्तर अगदी वेगळे आहे. खूण नसलेल्या चौकात कोणालाच अग्रक्रम नाही, म्हणून अतिशय सावधपणे जा, असे तिथल्या संहितेत सांगितलेले आहे. माझ्या शिक्षिकेने विचारले तेव्हा मी आत्मविश्वासाने "उजवीकडचा आधी" म्हणाले होते. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि म्हणाल्या, "तुझा हक्क आहे असे वाटले की तुझा पाय ब्रेकवरून निघतो." मला ही पद्धत अधिक सुरक्षित वाटते, कारण कोणाकडेच हक्क नसेल तर सगळेच हळू होतात.

*

ताई, आपले म्हणणे समजले, पण मी पूर्ण सहमत नाही. कोणाकडेच हक्क नसेल तर दोन सभ्य माणसे एकमेकांना वाट देत थांबतात आणि मग दोघेही एकाच वेळी निघतात, हे मी शिकवताना शेकडो वेळा पाहिले आहे. शिकवण्याच्या गाडीत माझ्या बाजूला वेगळा ब्रेक होता, म्हणून आज हे लिहायला आहे. नियम असावा आणि शिवाय सावधपणाही असावा.

*

काका, दोघे एकाच वेळी निघतात हे अगदी खरे आहे. माझ्या बाबतीत गोंधळ दिव्यांमुळे झाला. समोरच्याने दिवा दोनदा लुकलुकवला, मला वाटले "तुम्ही या" म्हणतो आहे, आणि तो म्हणत होता "मी येतो आहे, थांबा". बंपर एकमेकांना लागले, कोणाला इजा झाली नाही. तेव्हापासून मी दिव्याचा अर्थ लावत नाही. समोरच्या वाहनाची चाके फिरायची थांबली का, एवढेच पाहते.

*

चाकांकडे पाहण्याची सवय उत्तम आहे. मी टँकर चालवतो. भरलेल्या टँकरमध्ये ब्रेक दाबल्यावर आतले पाणी पुढे धावते आणि गाडीला ढकलते, त्यामुळे शेवटच्या क्षणी माझ्यापुढे आलेल्या दुचाकीसाठी मी इच्छा असूनही जागेवर थांबू शकत नाही. मोठ्या गाडीला सगळे आपोआप वाट देतात आणि त्यामुळे आम्हा चालकांना ती आपलीच आहे असे वाटू लागते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. माझ्या उजवीकडे सायकल असली तरी वाट तिचीच असते. हे मला फार उशिरा कळले, आणि तेही माझ्या मुलाने सायकल चालवायला सुरुवात केल्यावर.

*

जपानमध्ये चार वर्षे काढल्यामुळे एक गोष्ट सांगाविशी वाटते. तिथेही वाहने डाव्या बाजूने चालतात, पण अशा चौकात डावीकडून येणाऱ्याला वाट द्यावी लागते, आणि आडवा रस्ता उघडच रुंद असेल तर त्यावरच्या वाहनाला अग्रक्रम असतो. म्हणजे ताईंना धडकलेले ते गृहस्थ तिथे असते तर दोन्ही कारणांनी बरोबर ठरले असते. त्यांची चूक कमी लेखण्याचा हेतू नाही. रुंद रस्त्याला मान द्यावा ही समजूत माणसाच्या मनात किती सहज येते, एवढेच सांगायचे आहे.

*

हे वाचून मला खरोखर बरे वाटले. इतकी वर्षे मी त्यांना बेफिकीर समजत आले.

*

सगळे वाहनांविषयी लिहीत आहेत, म्हणून पायी चालणाऱ्यांच्या वतीने लिहिते. मी आईला चाकांच्या खुर्चीतून रोज फिरायला नेते. खूण नसलेल्या कोपऱ्यावर दोन चालक एकमेकांकडे पाहून कोणी जायचे ते ठरवतात आणि त्या दोघांच्या नजरेत आम्ही नसतोच. गेल्या महिन्यात एका चालकाने दुसऱ्याला हाताने "या" म्हटले आणि तो दुसरा वळून थेट आमच्यासमोर आला. आईने खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की घरी आल्यावरही तिची बोटे वळलेली होती. ब्रिटनमध्ये २९ जानेवारी २०२२ पासून संहिता बदलली आणि वळणाऱ्या वाहनाने रस्ता ओलांडणाऱ्या किंवा ओलांडण्यासाठी थांबलेल्या माणसालाही वाट द्यावी असे त्यात आले. असे शब्द सगळीकडे लिहिलेले असावेत, असे मला मनापासून वाटते. ज्यांनी गाडी शिकवली आहे त्या काकांना विनंती आहे की त्यांनी यावर लिहावे.

*

ताई, आपण म्हणता ते माझ्या शिकवण्यातले मोठे उणेपण होते. मी "उजवीकडे पाहा" म्हणत असे, "कोपऱ्यावर कोण उभे आहे ते पाहा" हे नंतर म्हणत असे. क्रम उलटा हवा होता. आपल्या आईंना नमस्कार सांगावा.

*

तिठ्याविषयी कोणी लिहिले नाही. जिथे एक रस्ता दुसऱ्याला येऊन संपतो तिथे संपणाऱ्या रस्त्यावरच्याने थांबावे, असे मला उपजतच वाटत असे. पण केवळ "उजवीकडच्याला वाट" हा नियम धरला तर सरळ जाणाऱ्यालाही उजव्या हाताच्या बोळातून येणाऱ्यासाठी थांबावे लागते. न्यूझीलंडने हा गुंता २५ मार्च २०१२ रोजी नियम बदलून सोडवला. तेव्हापासून तिथे खूण नसलेल्या तिठ्यावर संपणाऱ्या रस्त्यावरचे वाहन थांबते. माझा भाऊ त्या दिवशी तिथे होता. पहिले काही दिवस प्रत्येक तिठ्यावर सगळेच थांबत होते, असे तो सांगतो.

*

आपण सर्वांनी इतके लिहिलेत, मनापासून आभार. घोटा आता ठीक आहे, थंडीत थोडा जड होतो. मुलीला सगळे वाचून दाखवले आणि रविवारी आम्ही दोघी त्या जुन्या चौकात गेलो. कोपऱ्यावरची उंच भिंत अजून तशीच आहे, तिच्याकडे मी त्या काळी लक्षच दिले नव्हते. मुलगी गाडीतून उतरली, माझा रस्ता चौकाला मिळतो तिथे उभी राहिली आणि डावीकडून येणारे वाहन भिंतीच्या आडून नेमके कुठे दिसू लागते ते तिने पावलांनी मोजले. चौदा पावले भरली. म्हणजे साधारण दहा मीटर, आणि ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारे वाहन ते सव्वा सेकंदात पार करते. मी त्या मोटारीला पाहिले होते असे इतकी वर्षे म्हणत आले, ते पाहणे एवढ्याच वेळाचे होते. परतताना मुलीनेच गाडी चालवली. भिंतीजवळ येताच तिने खिडकीची काच खाली केली, चालण्याच्या वेगाने पुढे सरकली आणि गाडीचे नाक भिंतीच्या पुढे आल्यावर पुन्हा एकदा थांबली.