प्रेम आणि वाणी एकाच एम्ब्लेममध्ये कशी आणावी?

कृष्णाकाठ, सांगली
५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या स्मरणिकेसाठी ए५ लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र) करायचाय, सोळाव्या शतकातल्या युरोपीय एम्ब्लेमच्या धाटणीचा, म्हणजे वर छोटं वचन, मध्ये प्रतीकचित्र, खाली पद्य. वाणीसाठी तोंडातून साखळ्या निघालेला म्हातारा घ्यावा म्हणतोय. तो नेमका कोण? आणि प्रेमासाठी धनुष्यवाला क्युपिड, रोमन प्रेमदेव, चालेल ना?

अजिंक्यतारा
तो गॉल (प्राचीन फ्रान्समधल्या) लोकांचा हर्क्युलिस, म्हणजे ग्रीक-रोमन कथांतला महाबली वीर; त्यांच्याकडे नाव ऑग्मिओस. त्याच्या एका चित्राचं वर्णन लुशियन या ग्रीक लेखकाचं, दुसऱ्या शतकातलं. पुढे सोळाव्या शतकात आल्चातो या इटालियन एम्ब्लेमकाराने त्यावर एम्ब्लेम रचलं. आशय असा की बाहुबळापेक्षा वाणी थोर. खुणा पक्क्या आहेत: टक्कल, उरलेले केस पांढरे, अंगावर सिंहाचं कातडं, उजव्या हातात गदा, डाव्यात धनुष्य. दोन्ही हात अडकलेले, म्हणून चित्रकाराने जिभेच्या टोकालाच भोक पाडून साखळ्या ओवल्या, असं लुशियन सांगतो. दुसरी टोकं लोकांच्या कानांत.

बहुतेकांचं इथेच फसतं. साखळ्या ताणलेल्या काढल्या की ती कैद्यांची वरात दिसते. त्या सोन्याच्या आणि अंबरच्या (पिवळसर अश्मीभूत राळेच्या), नाजूक. लोक राजीखुशीने, जवळजवळ त्याच्या पुढे जाण्याच्या घाईत चाललेले. त्यामुळे साखळीला झोल हवाच, आणि म्हातारा मागे वळून हसणारा.

लिनोवर चित्र उलटं कोरा, नाहीतर छापल्यावर गदा डाव्या हातात जाईल. कड्या पोकळ कोरू नका, शाई भरून गिचका होतो. सुटे ठिपके पुरे, आणि साखळ्या तीन-चारच.

हळदपेठ
क्युपिडला धनुष्य नको. हर्क्युलिसकडे एक आहेच, दोन झाली की बघणारा शिकारीचा प्रसंग समजेल. आल्चातोकडेच सोय आहे: हसरा, नागडा क्युपिड, ना मशाल ना धनुष्य, एका हातात फुलं, दुसऱ्यात मासा. म्हणजे जमीन आणि समुद्र दोन्हींवर त्याची सत्ता. मासा मोठा काढा, ए५ मध्ये छोटा मासा पानासारखा दिसतो.

कृष्णाकाठ, सांगली
झकास! वर रोमन कवी ओव्हिडचं ‘प्रेमाने त्याला वाक्पटू केलं’ हे वचन टाकू का?

अजिंक्यतारा
जपून. ते पुराणकथेतल्या तेरेउस राजाबद्दल आहे: बायकोच्या बहिणीवर डोळा ठेवून सासऱ्यासमोर गोडगोड बोलणारा. जाणकार वाचक भुवया उंचावेल. शिवाय वचनाने चित्राचा अर्थ सांगून टाकला की एम्ब्लेम उरत नाही, फोटोखालची ओळ होते. वर तीन-चार शब्दांचं कोडं ठेवा. उकल खालच्या चार ओळींच्या पद्यात. अक्षरं मात्र लिनोवर कोरू नका, वेगळी जुळवून छापा.