मदत हवी आहे: सत्तरीत काजूची भाटी पाहण्यासाठी कुठे जावे?

पणजीचा_जावई
नमस्कार. सासरची मंडळी सुट्टीत आमच्याकडे येत आहेत. किनारे त्यांनी दोनदा पाहिले आहेत, त्यामुळे या वेळी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एखाद्या निवांत गावात काजूची भाटी, म्हणजे काजूफळाच्या रसाची दारू गाळण्याची भट्टी, आणि बाग दाखवावी असा विचार आहे. एका रिसॉर्टमध्ये चौकशी केली असता त्यांनी चार प्रकार चाखण्याचे पॅकेजच पुढे केले, ते मला नको आहे. कृपया केवळ गावाचे नाव सांगावे. दोन दिवसांत ठरवायचे आहे.

काणकोणचा
सुट्टी कोणती? दिवाळीची असेल तर भाटी थंडच मिळेल. बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळे, साधारण मार्च ते मे या काळातच असतात आणि तेही झाडावरून न तोडता पिकून खाली पडलेलेच वेचतात.

द्राक्षरसिक
त्यापेक्षा त्यांना नाशिकजवळ दिंडोरीला न्यावे. निवांत द्राक्षमळे आणि राहण्याची उत्तम सोय, दोन्ही मिळेल.

पणजीचा_जावई
सुट्टी मे महिन्याचीच, शेवटचा आठवडा. हे उघड आहे असे मला वाटले होते. आणि सासरे स्वतः तासगावचे द्राक्षबागायतदार आहेत, त्यांना द्राक्षे दाखवायला दिंडोरीला न्यायचे का?

वाळपईकर
मेअखेरीस आपण फार उशिरा येत आहात. वळवाचा पाऊस झाला की पडलेले बोंडू कुजतात आणि बहुतेक भाट्या आवरल्या जातात. एप्रिल उत्तम, फार तर मेचा पहिला आठवडा.

काणकोणचा
असे सरसकट म्हणता येणार नाही. आमच्याकडे मेच्या अखेरीसही मी हुर्राक, म्हणजे काजूची सौम्य दारू, घेतलेली आहे.

वाळपईकर
हुर्राक बाटलीत मिळणे वेगळे आणि भाटी पेटलेली दिसणे वेगळे. पाहुण्यांना कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवण्याच्या कुंडात, बोंडू तुडवताना, मग तो रस तीन-चार दिवस आंबवून पहिल्या उकळीची हुर्राक आणि दुसऱ्या उकळीची फेणी निघताना पाहायचे असेल, तर ताजे बोंडू हवेतच. काही ठिकाणी आता कोळंबीऐवजी यंत्राने रस काढतात, म्हणून जाण्यापूर्वी तेही विचारून घ्यावे.

फोंड्याची_काकू
फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही पाहुण्यांना आवर्जून सांगा. आणि सासरे घेतात का, हे आपण लिहिलेले नाही.

पणजीचा_जावई
घेत नाहीत, माळकरी आहेत. त्यांना फळाचे पुढे काय होते ते पाहायचे आहे, इतकेच.

द्राक्षरसिक
माळकऱ्यांना भाटीवर नेणे मला तरी योग्य वाटत नाही.

फोंड्याची_काकू
पाहण्याने माळ तुटत नाही. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग नुडीच्या वेलीने बांधून वर दगड ठेवतात, त्यातून जो रस थेंबथेंब निथळतो तो नीरो. तो त्यांना सकाळीच द्यावा, कारण दुपारच्या उन्हात तो आंबू लागतो आणि मग मात्र माळेचा प्रश्न खरोखरच उभा राहील.

वाळपईकर
मंडळी येणार कशी, रेल्वेने की गाडीने?

पणजीचा_जावई
स्वतःच्या गाडीने, बेळगावहून चोर्ला घाटाने.

वाळपईकर
हे आधी सांगितले असते तर सगळ्यांचा वेळ वाचला असता! घाट उतरला की पहिले मोठे गाव केरी, म्हणजे सत्तरीच. पणजीला येऊन पुन्हा उलटे जाण्यापेक्षा त्याच वाटेवर थांबावे. तिथल्या चहाच्या टपरीवर विचारले की भाटी कुठे लागली आहे ते कळेल. नाहीतर वाळपईकडच्या वाटेवर वासच सांगेल. मालकाला विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, कारण तो त्याच्या कामाच्या घाईत असतो. पाण्याच्या बाटल्या मात्र सोबत ठेवाव्यात, दुपारी भाटीजवळ उभे राहवत नाही.

पणजीचा_जावई
आभारी आहे. मुलांचा निकाल लागताच, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात, त्यांना निघायला सांगतो. हुर्राक चाखण्याचा हट्ट मेहुण्याचा आहे, त्यामुळे केरीपासून पुढे गाडी सासरेच चालवतील.