आजोबांच्या वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची आहे: मजकूर, फोटो, छपाई

देवगडकर_परळ
आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आजी आणि मुलं देवगड तालुक्यात, गावी. वर्षश्राद्धाला अजून दोन महिने आहेत. A५ आकाराची २४ पानी पुस्तिका, १५० प्रती असा विचार आहे. हाताशी आहे ते असं: चिकट पानांचा अल्बम, इनलँड पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या आणि चिठ्ठ्या, गिरणीचा पास. आजीची स्मरणशक्ती उत्तम आहे. नातेवाइकांकडून लेख मागवले, पण सगळ्यांत "प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय" एवढंच. शिवाय शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३७ आणि जन्मपत्रिकेत शके १८५९, पौष वद्य. कुठली छापावी?

जुनी_दप्तरं
पत्रिकेतली. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून लावून टाकत. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण पौषाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तिथे ७९ मिळवायचे. म्हणजे शके १८५९ चा पौष वद्य जानेवारी १९३८ मध्ये येतो. नेमका दिवस जुन्या पंचांगावरून काढून घ्या. पेन्शन, बँक वगैरे कागदांवर १ जूनच असणार. ते तसंच राहू द्या, पुस्तिकेत एका ओळीत खुलासा केला की पुरे.

पत्रांवर टपालाचा शिक्का पुसट असेल तर पत्ता बघा. नुसतं "मुंबई १२" असेल तर पत्र बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. ४०००१२ लिहिलं असेल तर नक्की नंतरचं. जुन्या सवयीने पुढेही काही वर्षं "मुंबई १२" लिहिणारे होतेच, तेव्हा एकाच खुणेवर विसंबू नका. आणि जुन्या पत्त्यांतलं "जि. रत्नागिरी" कोणी उत्साहाने खोडून सिंधुदुर्ग करेल, ते करू देऊ नका. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला.

मनीऑर्डरी तारखेने लावा, शेजारी रक्कम लिहा. रक्कम कधी वाढली, मुलांच्या शाळेच्या वेळी की घर शाकारायच्या वेळी, हे त्या यादीत दिसतं. आजोबा कुटुंबाचं किती बघत होते हे सांगायला मग विशेषणं लागत नाहीत. मनीऑर्डरच्या खालच्या चिठ्ठीवरचा दोन ओळींचा मजकूर जसाच्या तसा छापा, शुद्धलेखन न सुधारता. १९८२ मध्ये पावत्या एकदम थांबल्या असतील तर कारण उघड आहे. १८ जानेवारीला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि बरेच कामगार गावाकडे परतले. त्या दिवसांत घर कशावर चाललं, हे आजीला जरूर विचारा. एक मात्र सांभाळा: पासावर "बदली" असेल तर ती बढती-बदलीतली बदली नव्हे. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी काम मिळणारा तो बदली कामगार. चरित्रात "अमुक साली बदली झाली" असं छापलेलं पाहिलंय, म्हणून सांगितलं.

ध्वनिमुद्रक
आजीचं रेकॉर्डिंग आधी उरका, बाकी सगळं थांबू शकतं. दुपारची झोप झाल्यावर, एका बैठकीला ४० मिनिटं, त्याहून जास्त नको. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. दुमडलेल्या टॉवेलवर आजीपासून हातभर अंतरावर फोन ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवलात तर बांगड्यांचा प्रत्येक आवाज ठणठणीत येतो.

"आजोबा कसे होते?" विचारलंत तर "चांगले होते" एवढंच हाती लागेल. वस्तू आणि फोटो पुढ्यात ठेवून विचारा. गणपतीला यायचे तेव्हा ट्रंकेत काय असायचं? मुंबईत राहायचे कुठे, गावकीच्या (गावकऱ्यांच्या सामायिक) खोलीत? जेवण खाणावळीत की हाताने? घरी पत्र वाचून कोण दाखवायचं आणि उत्तर कोण लिहायचं? लग्नात कुठला उखाणा घेतला तेही विचारा. नवऱ्याचं नाव आजी कदाचित तेवढ्यातच घेतील. बाकी सगळीकडे "हे" येणार, म्हणून मजकूर उतरवताना "हे" म्हणजे कोण हे कंसात लगेच लिहा.

नातेवाइकांचे लेख परत पाठवा, नवी अट घालून: एकच प्रसंग, १५० शब्द, एकही विशेषण नाही. नातवंडांना आजोबांच्या हातची एखादी कृती लिहायला सांगा. सुपारी कशी कातरायचे, जाळं कसं विणायचे, जे काही असेल ते.

छपाईवाला
चिकट अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पातळ थर फाटतो. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. तरी सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो सोडवायच्या भानगडीत पडू नका, काचेवरूनच स्कॅन करा. साधे फोटो ६०० डीपीआय (स्कॅनची बारकाई), पासपोर्टएवढे १२००. कृष्णधवल फोटोही कलर मोडमध्येच घ्या, डाग काढणं सोपं जातं. व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर रिझोल्यूशन जातं. मागच्या बाजूला नावं मऊ शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

१५० प्रतींना ऑफसेट (प्लेट करून छपाई) परवडत नाही, डिजिटलच करा. आतला कागद ९० जीएसएम (कागदाचं वजनमाप) मॅपलिथो, म्हणजे साधा, न चकचकीत, कव्हर २५० आर्ट कार्ड, सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना). आतली पानं चारच्या पटीत हवीत. रंगीत थोडीच करायची असतील तर पान ११ ते १४ रंगीत ठेवा, मधला एकच कागद असतो तो. दोन पानांवर पसरणारा फोटो फक्त १२–१३ वर. दुसरीकडे टाकलात तर दोन वेगळ्या कागदांवर छापला जातो आणि मधोमध चेहरा जुळत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि छापखाना पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करत असेल तर कन्व्हर्ट करताना रफार आणि "ऱ्या" हमखास बिघडतात. कन्व्हर्ट झाल्यावरचं प्रूफ कागदावर घेऊन वाचा.

देवगडकर_परळ
आभार. घराण्याच्या यादीत नावांचा क्रम कसा लावावा? इथेच रुसवेफुगवे होतील असं दिसतंय.

जुनी_दप्तरं
मुलगे-मुली वेगळे न करता जन्माच्या क्रमाने, प्रत्येकापुढे जोडीदार आणि मुलं. प्रत्येक घरातल्या एकाकडून आपापल्या ओळी तपासून सही घ्या. आजींच्या नावाआधी जुन्या निमंत्रणपत्रिकेतलं "सौ." तसंच राहून जातं, तिथे "श्रीमती" करा. आणि वर्षश्राद्ध तिथीने असतं, इंग्रजी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येतं. मध्ये अधिक महिना असेल तर गुरुजींकडून तिथी नक्की करा आणि मगच छापखान्याला तारीख द्या.